घरातील वस्तू : आठवण आणि आसक्ती

प्रत्येक घरात अशा काही वस्तू असतात की ज्यांची बाजारात फारशी किंमत येत नाही, परंतु घरातील माणसे त्या टाकायला तयार नसतात. आजीची काठी, वडिलांचा चष्मा, थांबलेले घड्याळ, फुटक्या काचेची तसबीर. अशा वस्तूंचे काय करावे, त्या जपणे योग्य की ती आसक्ती समजावी, हा प्रश्न लहान वाटला तरी धम्माच्या विद्यार्थ्याने विचार करावा असा आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही तो अभ्यासासाठी घेतला आहे.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसरात पाणी भरले, तेव्हा तळमजल्यावरील आणि बैठ्या चाळींतील कुटुंबांना हाताला लागेल ते उचलून वर न्यावे लागले. आमच्या जवळच्या चाळीतील माणसांनी सर्वप्रथम काय उचलले ते आम्ही पाहिले. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, गॅसचे पुस्तक आणि भिंतीवरच्या तसबिरी. टीव्ही त्यानंतर. अडचणीच्या वेळी माणूस आपल्या वस्तूंची खरी क्रमवारी लावतो, ती अशी.

आम्ही बँकेत नोकरी करतो. सोनेतारण कर्जासाठी लोक दागिने घेऊन येतात. सराफ वजन करतो, खडे आणि लाख वजा करतो, इतके ग्रॅम म्हणून आकडा सांगतो. त्याच्या दृष्टीने काम तिथे संपते. परंतु कितीतरी भगिनी पावती हातात घेताना विचारतात, "साहेब, हीच माळ परत मिळेल ना?" तेवढ्याच वजनाचे दुसरे सोने त्यांना चालणार नसते. वस्तूचा भाव वेगळा आणि वस्तूतील भाव वेगळा, हे त्या एका प्रश्नातून कळते.

सारिपुत्तांचे पात्र आणि चीवर

तथागतांचे अग्रश्रावक सारिपुत्त यांचे मगध देशात नालक गावी परिनिर्वाण झाले. त्यांची सेवा करणारा चुंद श्रामणेर त्यांचे भिक्षापात्र आणि चीवर घेऊन श्रावस्तीला जेतवनात आला. ही हकीकत संयुत्त निकायात आहे. ते पात्र आणि चीवर घेऊन चुंद आल्यावर भदंत आनंदांची अवस्था फार वाईट झाली. आपले शरीर जणू बधिर झाले, दिशा कळेनाशा झाल्या, असे त्यांनी तथागतांना सांगितले.

यावर तथागतांनी आनंदांना एक प्रश्न विचारला. सारिपुत्त जाताना तुझे शील घेऊन गेले काय? तुझी समाधी, तुझी प्रज्ञा घेऊन गेले काय? आनंदांनी नाही असे उत्तर दिले. पण सारिपुत्त आम्हाला शिकवणारे होते, धीर देणारे होते, तेच आम्हाला आठवते, असेही ते म्हणाले. मग जे जे प्रिय आहे त्याचा वियोग होणारच आणि म्हणून स्वतःच स्वतःचे शरणस्थान व्हावे, हा उपदेश तथागतांनी केला.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, चुंदाने पात्र आणि चीवर वाटेत टाकून दिले नाही, ते मगधापासून श्रावस्तीपर्यंत वाहून आणले, आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. दुसरी, तथागतांनी आनंदांचे लक्ष पात्रावरून पात्राच्या मालकाने दिलेल्या शिकवणुकीकडे वळवले. वस्तू पाहून डोळे भरून येणे हा अपराध नव्हे. मात्र माणूस आपल्याला काय देऊन गेला, हा प्रश्न त्यापुढे आला पाहिजे.

स्मरणाची तीन स्थाने

कालिंगबोधी जातकाच्या प्रस्तावनेत आणखी एक उपयुक्त विवेचन आहे. तथागत चारिकेला गेले की जेतवनात फुले घेऊन येणाऱ्या लोकांना ती कोठे वाहावी हे कळत नसे. तेव्हा आनंदांनी विचारले, की चैत्ये किती प्रकारची असतात? तथागतांनी तीन सांगितली. शारीरिक म्हणजे देहाचे अवशेष, पारिभोगिक म्हणजे वापरातील वस्तू, आणि उद्देशिक म्हणजे कोणाला तरी उद्देशून केलेली प्रतिमा. यांपैकी पहिले हयातीत शक्य नाही आणि तिसरे केवळ मनावर अवलंबून आहे. म्हणून बोधिवृक्ष हे योग्य स्थान ठरले आणि जेतवनाच्या दाराशी अनाथपिंडिकाने त्याचे बीज लावले.

आपल्या घराला हे वर्गीकरण लावून पाहावे. भिंतीवरचे छायाचित्र उद्देशिक आहे. आजोबांची काठी पारिभोगिक आहे. त्या काठीची मूठ आजोबांच्या तळहाताने गुळगुळीत झालेली असते. वापरलेल्या वस्तूला माणसाच्या रोजच्या जगण्याची खूण असते, म्हणून ती छायाचित्रापेक्षाही कधी कधी अधिक बोलते.

आपल्या सोपाऱ्याचे उदाहरण

यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. नालासोपाऱ्याचा स्तूप आपल्या दाराशी आहे. ज्या टेकाडाला गावातील लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत, तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले. आत दगडी पेटी सापडली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! सोबत सोन्याची फुले होती. ते तुकडे तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, या श्रद्धेने ठेवले गेले होते असे मानतात.

विद्यार्थी मित्रांनी येथे क्षणभर थांबावे. सोने बाहेर आणि माती आत. आपल्याकडे मौल्यवान वस्तू साध्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. येथे साध्या खापरासाठी सोन्याचे वेष्टन केले. त्या खापराची किंमत त्याच्या वापरात होती. भिक्षा मागणाऱ्या हातांतील ते पात्र, असे ठेवणाऱ्यांनी मानले.

त्या पेटीत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणेही मिळाले. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील आहे. तांब्याच्या करंडकाभोवती मात्र आठ लहान ब्राँझ मूर्ती मांडलेल्या होत्या, सात मानुषी बुद्ध आणि आठवा मैत्रेय. त्यांची घडण आठव्या-नवव्या शतकातील आहे. याचा अर्थ असा, की कित्येक शतकांनंतर कोणीतरी ती पेटी उघडली, आतील वस्तूंना धक्का न लावता आपल्या काळाची भर घातली आणि ती पुन्हा बंद केली. एका पिढीने ठेवलेली वस्तू दुसऱ्या पिढीने कशी सांभाळावी, याचा याहून चांगला धडा कोणता? हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

बाबासाहेबांच्या वस्तू

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जीव ग्रंथांत होता. १९१७ साली ते परदेशातून परतले, तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या बोटीने पाठवले होते. पहिल्या महायुद्धात ती बोट पाणतीराने बुडाली आणि त्यांची पुस्तके समुद्रात गेली. मिळालेली नुकसानभरपाई घरखर्चाला उपयोगी पडली. परंतु बाबासाहेब हातावर हात ठेवून बसले नाहीत. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, ते ग्रंथांची सोय डोळ्यांपुढे ठेवून. वस्तू गेली तरी तिच्यामागची निष्ठा गेली नाही, असे हे उदाहरण आहे.

त्यांच्या वापरातील टंकलेखन यंत्र, कपडे आणि इतर वस्तू नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात जतन केलेल्या आहेत. राजगृहाच्या तळमजल्यावरही त्यांच्या वापरातील वस्तू पाहता येतात. ७ जुलै २०२० रोजी राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली, तेव्हा फुटल्या त्या कुंड्या आणि काचा. तरीही महाराष्ट्रभर माणसे हळहळली. कारण ते घर प्रत्येकाला आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे वाटते.

टाकून देणे हेही कधी कर्तव्य

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांतील देव्हारे रिकामे झाले. पिढ्यान्‌पिढ्या पूजेत असलेले टाक आपल्या माणसांनी नदीत, समुद्रात सोडले. त्या वस्तूही वाडवडिलांच्याच होत्या, त्यांतही कोणाच्या आजीचा जीव गुंतलेला असेल. तरी त्या सोडल्या, कारण ज्या विचाराने आपल्याला खाली ठेवले त्याची ती खूण होती. जुने आहे एवढ्यावरून कोणतीही वस्तू वंदनीय ठरत नाही.

तसेच साठवण म्हणजे आठवण नव्हे. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक संवाद आहे. उदयन राजाने आनंदांना विचारले, की एवढ्या चीवरांचे तुम्ही करता काय? ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना देतो, असे आनंद म्हणाले. जुन्या चीवरांचे काय? अंथरुणावरच्या चादरी. त्याही जुन्या झाल्या की गादीचे अभ्रे, मग जमिनीवरची बैठक, मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी आणि शेवटी त्याच्या चिंध्या करून मातीत कालवून जमीन सारवायची. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, ती हीच रीत. माळ्यावर बांधून ठेवलेल्या गाठोड्यापेक्षा नातवाच्या अंगावरची गोधडी आजीला अधिक जिवंत ठेवते.

आमच्या हातून झालेली चूक

हे सर्व लिहिण्याचा आम्हाला कितपत अधिकार आहे, ते वाचकांनी पुढील प्रसंगावरून ठरवावे. २०११ साली आम्ही चाळीतील खोली सोडून नालासोपाऱ्यातच वन रूम किचनच्या ब्लॉकमध्ये राहायला गेलो. जागा लहान, सामान फार. फळीवर एक पितळी डबा होता, काळवंडलेला, झाकण न बसणारा. आई त्या वेळी बहिणीकडे गेली होती. वडील वारले होते. आम्ही तो डबा इतर भांड्यांबरोबर मोडीत घातला. आलेले पैसे टेम्पोच्या भाड्याला दिले.

आई परत आली. नव्या घरातील फळी पाहून तिने विचारले, "डबा कुठाय रे?" आम्ही सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बुडावर नाव होतं. वाचलंस का तू?"

हकीकत अशी की आमचे वडील मॅट्रिक पास झाले, तेव्हा गिरणीत काम करणाऱ्या आजोबांनी तो डबा विकत घेतला होता आणि भांडेवाल्याकडून बुडावर मुलाचे नाव, 'मॅट्रिक पास' ही अक्षरे आणि १९६४ हे साल घालून घेतले होते. घराण्यातील तो पहिला मॅट्रिक. आजीला अक्षरओळख नव्हती. ती डबा घासताना बुडावरची अक्षरे बोटांनी चाचपत असे, असे आई म्हणाली. आम्ही दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर माल वितळवायला गेला होता.

दिवसभर चेकवरच्या सह्या तपासणाऱ्या माणसाने आपल्या घरातील भांडे उलटे करून पाहिले नाही. ही खंत आजही आहे. आईने आम्हाला रागे भरले नाही, त्याचे अधिक वाईट वाटते.

त्या रात्री आम्ही एक दोनशे पानी वही काढली आणि आई सांगेल ते लिहून घेतले. डब्याची हकीकत पहिल्या पानावर आहे. डबा गेला, पण आजोबांनी शिक्षणाचा केलेला मान गेला नाही. तथागतांनी आनंदांना विचारलेला प्रश्न आम्हाला कळला तो त्या वहीमुळे. आमची मुलगी दहावी झाली, तेव्हा आईनेच एक नवा डबा आणून त्यावर नाव घालून घेतले.

आपण काय करावे?

१) कोणतीही जुनी वस्तू मोडीत देण्यापूर्वी ती पुसून, उलटी करून पाहावी आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारावे.

२) एक नोंदवही करावी. वस्तू कोणती, कोणाची, केव्हाची, हकीकत कोणी सांगितली, एवढे लिहिले तरी पुरे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होते.

३) जुन्या छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत. जुनी कागदपत्रे चिकटपट्टीने जोडू नयेत. आपल्या भागातील पावसाळी दमटपणा ध्यानात घेऊन ती जमिनीपासून उंच आणि कोरड्या जागी ठेवावीत.

४) जी वस्तू कोणाच्या उपयोगी पडेल ती देऊन टाकावी. देताना तिची हकीकतही द्यावी.

५) वस्तूवरून भावाभावांत तंटा होऊ लागला, तर ती आठवण राहिली नाही, आसक्ती झाली असे समजावे.

स्वाध्याय

१) सारिपुत्तांच्या पात्र-चीवराच्या प्रसंगातून तथागतांनी आनंदांना काय शिकवले?

२) शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक यांतील फरक आपल्या घरातील उदाहरणे देऊन सांगा. (घरात शारीरिकाचे उदाहरण का मिळत नाही, तेही लिहा.)

३) सोपाऱ्याच्या पेटीत दुसऱ्या शतकातील नाणे आणि आठव्या-नवव्या शतकातील मूर्ती एकत्र कशा आल्या?

४) आजी, आजोबा किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून एका वस्तूची हकीकत ऐकून दहा ओळींत लिहा.

चौथा प्रश्न सर्वांनी सोडवावा ही आमची विनंती आहे. त्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!