गुराबेची प्रतिकृती

प्रस्तावना

दिवाळी जवळ आली की मराठी घरांच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो. दगडविटांच्या राशीवर चिखल लिंपला जातो, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवली जाते आणि बुरुजांवर मावळे व तोफा बसतात. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेली अनेक कुटुंबेही ही हौस आपल्याबरोबर घेऊन जातात. मात्र जलदुर्ग करायचा ठरवला, तर एक अडचण उभी राहते. त्याच्याभोवतीच्या पाण्यात जहाजे कोणती ठेवायची? खेळण्यांच्या दुकानातील शिडाची जहाजे बहुधा युरोपीय धाटणीची असतात. मराठ्यांची लढाऊ जहाजे तशी नव्हती. मग ती कशी होती आणि ती पुन्हा घडवायची कशी, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• गुराब आणि गलबत यांतील फरक सांगू शकाल;
• वर्णनातील तपशिलांवरून वस्तूचा आकार ठरवू शकाल;
• प्रमाण म्हणजे काय, ते उदाहरणाने स्पष्ट करू शकाल;
• आधार आणि अंदाज यांतील भेद ओळखू शकाल.

मूळ पाठ

जळालेले आरमार

छत्रपती शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकात आरमाराची उभारणी केली. सभासदाच्या बखरीत गुराबा, तरांडी, गलबते, शिबाडे अशी त्यातील जहाजांची नावे येतात. पुढे कान्होजी आंगरे यांच्या काळात या आरमाराचा दरारा कोकण किनाऱ्यावर पसरला. 1729 मध्ये कान्होजींचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र तुळाजी आंगरे यांनी विजयदुर्ग हे आपले मुख्य ठाणे केले.

फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासात आजही सलते. इंग्रजांचा एक पेटता गोळा बंदरातील जहाजावर पडला. एकमेकांना खेटून उभी असलेली जहाजे पाहता पाहता पेटली आणि आंगऱ्यांचे आरमार जळून गेले. किल्ला राहिला. जवळच खडक खोदून केलेली गोदीही राहिली. परंतु त्या गोदीत दुरुस्त होणारी जहाजे मात्र आज पाहायला मिळत नाहीत.

म्हणूनच अशा जहाजाची प्रतिकृती करणे हे केवळ हौसेचे काम उरत नाही. हरवलेल्या वस्तूचा तो एक शोध असतो.

शब्दांतून आकार

या शोधाला आधार कशाचा? एक महत्त्वाचा आधार शत्रुपक्षाकडून मिळतो. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेला इतिहासकार. त्याच्या इतिहासाचा पहिला खंड 1763 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने गुराब आणि गलबत यांचे बारकाईने वर्णन केले आहे.

त्याच्या वर्णनानुसार गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काही गुराबांना तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 150 टनांची, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे 300 टनांची असे. लांबीच्या मानाने ती रुंद असे आणि तिचा तळ पाण्यात फार खोल जात नसे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई आणि तिची नाळ लांबवर पुढे आलेली असे. या नाळेवरच्या भागाला कठडे नसत. समोरून लाटा आल्या की गुराब पुढच्या बाजूने जोराने खाली-वर होई. कठडे नसल्यामुळे नाळेवर चढलेले पाणी लगेच वाहून जाई. नाळ आणि मुख्य तक्तपोशी यांच्यामध्ये फळ्यांची आडवी भिंत असे. तिला पाडलेल्या झरोक्यांतून दोन मोठ्या तोफा समोर रोखलेल्या असत. त्या नऊ किंवा बारा पौंडी असत. दोन्ही कडांवरच्या तोफा त्यांहून लहान, सहा ते नऊ पौंडी असत.

गलबत हे त्या मानाने लहान असे, सहसा 70 टनांच्या आतले. त्याच्या मोठ्या डोलकाठीवर एक भले मोठे तिकोनी शीड असे. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ही पाण्यात पडत. भार हलका राहावा म्हणून त्याच्या तक्तपोशीला चिरलेला बांबू वापरत.

आता हे वर्णन कारागिराच्या नजरेने पुन्हा वाचा. 'तळ खोल जात नसे' या शब्दांनी प्रतिकृतीचा तळ उथळ ठरतो. 'कठडे नसत' या शब्दांनी नाळ उघडी राहते. 'तोफा समोर रोखलेल्या' या शब्दांवरून युद्धाची रीतही कळते. शत्रूच्या अवजड जहाजाचा पाठलाग करावा, समोरून मारा करावा आणि प्रसंग पडल्यास उथळ खाडीत शिरावे, अशा युद्धाला साजेशी ही बांधणी होती. युरोपीय युद्धनौकेप्रमाणे दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगांवर रांगा लावल्या, तर प्रतिकृती दिसेल देखणी. पण ती गुराब राहणार नाही.

प्रमाणाचे गणित

प्रतिकृतीचे पहिले काम हातोडीने नव्हे, तर गणिताने सुरू होते. समजा, आपण 1:50 हे प्रमाण घेतले. म्हणजे मूळ वस्तूचे 50 सेंटिमीटर प्रतिकृतीत 1 सेंटिमीटर होतील. 30 मीटर लांबीचे जहाज 60 सेंटिमीटरचे होईल. 165 सेंटिमीटर उंचीचा गोलंदाज 33 मिलिमीटरचा होईल. अडीच मीटर लांबीची तोफ 5 सेंटिमीटरची होईल.

वजनाचे गणित मात्र वेगळे आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पन्नास पटींनी कमी होतात. म्हणून वजन 1,25,000 पटींनी कमी होते. एक टन वजनाची तोफ त्याच धातूत घडवली, तर अवघ्या 8 ग्रॅमची भरते!

हे प्रमाण प्रत्येक भागाने पाळावे लागते. घरात सापडला म्हणून 2 मिलिमीटरचा दोरा डोलकाठीला बांधला, तर तो 10 सेंटिमीटर जाडीचा, मनगटाहून जाड दोरखंड ठरतो. लाकडाचेही तसेच. कोकणातील जहाजांना सागवान वापरत. पण सागाचे रेषे लहान प्रतिकृतीत ठसठशीत दिसतात. तेथे हेदूसारखे बारीक पोताचे लाकूड शोभते. छत्तीसगडात त्याला हलदू म्हणतात.

तळहातावरची तोफ

नऊ पौंडी तोफेसाठी सुमारे 8 मिलिमीटर जाडीची पितळी सळई घ्यावी. लेथवर ती मागे जाड आणि तोंडाकडे निमुळती होईल अशी कातावी. मागच्या बाजूला स्फोटाचा जोर सर्वाधिक असतो, म्हणून खऱ्या तोफेतही तेथेच धातू जास्त असतो. तोंडाशी 2 मिलिमीटरचे छिद्र पाडावे. बत्ती देण्याचे छिद्र, म्हणजे तोफेचा 'कान', मागच्या बाजूला टोचावा. दोन्ही अंगांना तारेचे छोटे खुंट बसवावेत. या खुंटांवर तोफ गाड्यात टेकते आणि वर-खाली करता येते.

तोफ डागली की ती मागे उसळते. तिला आवरण्यासाठी गाडा जाड दोराने जहाजाच्या कडेला बांधलेला असतो. प्रतिकृतीत हा दोर पुष्कळ जण विसरतात. दोराविना मोकळी सुटलेली एक टनाची तोफ हलत्या जहाजावर आपल्याच माणसांना चिरडील. मेण लावलेल्या दोऱ्याने तो दोर बांधताना गोलंदाजाचा जीव कशावर अवलंबून होता, हे हातांना कळते.

जेथे आधार संपतो

कितीही वाचले तरी काही जागा रिकाम्या राहतात. अशा वेळी मनाची नक्षी कोरण्याचा मोह होतो. चांगला कारागीर तेथे हात आवरतो. जो भाग अंदाजाने करावा लागला, त्याची नोंद तो प्रतिकृतीजवळच्या चिठ्ठीवर करतो. त्या नोंदीने कामाला उणेपणा येत नाही. उलट पाहणाऱ्याचा विश्वास वाढतो.

आजही प्रतिकृतीला असेच महत्त्व आहे. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजाच्या आधारे फळ्या दोरीने शिवून 'कौंडिण्य' ही नौका बांधण्यात आली. तिचा नकाशा उपलब्ध नव्हता. म्हणून प्रतिकृतीच्या चाचण्या आयआयटी मद्रासच्या मदतीने घेण्यात आल्या. मे 2025 मध्ये कारवार येथे ती भारतीय नौदलात दाखल झाली.

रसमड्याहून समुद्र

दुर्ग-भिलाई परिसरातील रसमडा येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही येथील माणसाला जहाज परके नाही. सप्टेंबर 2022 मध्ये नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजासाठी भिलाईच्या कारखान्यानेही पोलाद पुरवले आहे. लेथवर रोज लोखंड कातणाऱ्या हाताला 5 सेंटिमीटरची तोफ जड नाही. बांबू चिरणाऱ्या बुरुडाला गलबताची तक्तपोशी समजावून सांगावी लागणार नाही. त्यांच्या हातात कौशल्य आहेच. त्याला जोड हवी ती नीट वाचण्याची. वाचलेला प्रत्येक शब्द हाताने पडताळून पाहिला, तर जळालेली गुराब दिवाळीच्या किल्ल्याशेजारी पुन्हा उभी राहू शकते.

शब्दार्थ

नाळ – जहाजाचा पुढे आलेला निमुळता भाग
तक्तपोशी – जहाजावरील फळ्यांची जमीन
गोदी – जहाजे बांधण्याची व दुरुस्त करण्याची जागा
कातणे – लेथवर फिरवून धातूला आकार देणे

पाठगत प्रश्न

1. गुराबेच्या नाळेला कठडे का नसत?
2. गुराबेच्या मोठ्या तोफा कोणत्या दिशेला रोखलेल्या असत?
3. 1:50 या प्रमाणात 4 मीटर लांबीचे वल्हे किती लांब होईल?

स्वाध्याय

1. 'त्या नोंदीने कामाला उणेपणा येत नाही' या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
2. तुमच्या कामातील एखाद्या अवजाराचे असे वर्णन करा, की ते न पाहिलेल्या माणसाला त्याचे चित्र काढता येईल. ते वर्णन दुसऱ्याला वाचायला देऊन चित्र काढून घ्या. चित्रात काय चुकले ते पाहा आणि आपले वर्णन सुधारा.