उमेदवारीचा हिशेब

चि. श्रीधर यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सात पानी पत्र पावले. ज्या संगीतकारांच्या हाताखाली तू गेले आठ महिने आहेस ते तुला पेटीला हात लावू देत नाहीत, नोटेशनच्या नकला करणे आणि वादकांची हजेरी मांडणे यातच तुझी बुद्धी झिजते, सबब दिवाळीनंतर राजीनामा देऊन स्वतंत्रपणे चाली बांधण्याचा तुझा मनसुबा आहे, असा त्यातील मजकुराचा मथितार्थ मी काढला. तुझी तक्रार सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली प्रार्थना तू नवव्या वर्षी आमच्या पडवीत बसून एका बोटाने पेटीवर काढलीस, त्या वसंत देसायांच्या उमेदवारीचा हिशेब तू कधी मांडला आहेस काय?

कुडाळकडच्या सोनवड्याचा हा मुलगा कोल्हापुरास प्रभात फिल्म कंपनीत शिरला तो पडेल ते काम करण्याच्या बोलीवर. किरकोळ भूमिका केल्या, १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गायिले, आणि गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव अशा एकाहून एक भिन्न प्रकृतीच्या संगीतकारांच्या सहवासात वर्षांमागून वर्षे काढली. प्रभातच्या शांतारामबापूंनी स्वतःची राजकमल ही चित्रसंस्था काढल्यावर ‘शकुंतला’चे संगीत देसायांकडे आले ते १९४३ साली. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ! तुझे आठ महिने या जमाखर्चात कोणत्या रकान्यात घालावेत, ते तूच ठरव.

आता त्या मुदतीत काय साधले ते पाहावयाचे असेल, तर १९७१ चा ‘गुड्डी’ घे. त्यातली वाणी जयराम यांच्याच कंठातून आलेली दोन गीते पाहा. एक मियाँ मल्हारातले, ज्यात कोमल आणि शुद्ध निषाद एकमेकांना खेटून उभे राहतात आणि गांधार असा हलतो की शिकाऊ गळ्याची तिथे फजितीच व्हावी. आणि दुसरे म्हणजे शाळेतली प्रार्थना. ती मी आमच्या शाळेत वर्षानुवर्षे रोज सकाळी ऐकली आहे. चारशे मुलांत पन्नास तरी हमखास बेसूर, शेवटच्या रांगेतल्यांचे आवाज फुटू लागलेले, आणि आमचे ड्रिलमास्तर तर तालाच्या अर्धी मात्रा पुढेच. तरीही ती चाल मोडत नसे, त्या सगळ्यांना पोटात घेऊन चालत असे. मल्हार बांधणारे पुष्कळ भेटतील. ज्याला मल्हार येतो आणि तरीही मुलांसाठी तो बाजूला ठेवता येतो, असा माणूस विरळा; आणि हे बाजूला ठेवणे, श्रीधर, दुसऱ्याच्या चालींच्या नकला करतानाच शिकता येते, कारण कुठला स्वर घेतला याइतकाच कुठला गाळला हेही तिथे डोळ्यांखालून जाते. ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीत अमीर खाँसाहेबांकडून गाऊन घेताना किंवा ‘गूँज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई योजताना संगीतकाराने स्वतः किती मागे उभे राहावे, हाही त्याच हिशेबातला प्रश्न.

देसायांच्या ऐन कामाच्या काळात, १९७५ च्या डिसेंबरात, लिफ्टच्या अपघाताने त्यांचा अंत झाला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी शाळेत फळ्यावर काहीच लिहू शकलो नव्हतो. असो.

स्वतंत्र होऊ नकोस, असे माझे म्हणणे नाही. पण राजीनाम्याचा कागद लिहिलाच असशील, तर तूर्त ट्रंकेत तळाशी ठेव. यातले काहीही मी तुझ्या आईस कळविलेले नाही. पेटीचा भाता फाटला होता तो दुरुस्त करून घेतला आहे. दिवाळीस येशील तेव्हा त्या नकलांची एक वही, कितीही गिचमिड असली तरी, बरोबर आण. मला ती पाहावयाची आहे.

तुझा,
मामा