मायकेल ओंडात्जे : कादंबरी आणि माध्यमांतर

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• ओंडात्जे यांच्या लेखनप्रवासाचे टप्पे सांगता येतील.
• माध्यमांतरात आशय कसा बदलतो, हे सोदाहरण स्पष्ट करता येईल.

प्रास्ताविक
मायकेल ओंडात्जे यांचा जन्म १९४३ साली कोलंबो येथे झाला. बालपणीच ते इंग्लंडला गेले आणि १९६२ मध्ये कॅनडात आले. कवी म्हणून लेखनास प्रारंभ करून पुढे त्यांनी कादंबरी, आत्मपर गद्य आणि माहितीपट असे विविध प्रकार हाताळले.

विषय-विवेचन
‘द कलेक्टेड वर्क्स ऑफ बिली द किड’ (१९७०) या पुस्तकात कविता, गद्य आणि छायाचित्रे एकत्र येतात. त्याच वर्षी त्यांनी कवी बी. पी. निकोल यांच्यावर लघुपट केला. जॅझवादक बडी बोल्डन याच्यावरील ‘कमिंग थ्रू स्लॉटर’ (१९७६) ही कादंबरीही तुटक प्रसंगांतून आकार घेते. तुकड्यांची अर्थपूर्ण जुळणी हे त्यांच्या रचनेचे सूत्र आहे आणि चित्रपट-संकलनाशी त्याचे जवळचे नाते आहे.

‘द इंग्लिश पेशंट’ (१९९२) या कादंबरीस बुकर पुरस्कार मिळाला. अँथनी मिंगेला दिग्दर्शित चित्रपटाने (१९९६) नऊ ऑस्कर पटकावले. तथापि, दोन्ही कलाकृतींचे केंद्र एक नाही. कादंबरीत ब्रिटिश सैन्यासाठी बॉम्ब निकामी करणारा शीख जवान किप हिरोशिमाची वार्ता ऐकून हादरतो. गोऱ्या राष्ट्रावर असा बॉम्ब टाकला गेला नसता, या जाणिवेने तो सहकाऱ्यांना सोडून निघून जातो. चित्रपटात हा प्रसंग नाही. तेथे अल्माशी आणि कॅथरीन यांची प्रेमकथा केंद्रस्थानी येते. परिणामी, साम्राज्यसत्तेला विचारलेला प्रश्न मागे पडतो आणि शोकात्म प्रेम उरते.

ही उणीव दृश्यमाध्यमाच्या असमर्थतेमुळे आलेली नाही. ती निवडीतून आली आहे. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय तांत्रिक भासला तरी तो कलाकृतीची भूमिका ठरवतो. या चित्रपटाचे संकलक वॉल्टर मर्च यांच्याशी केलेल्या संवादांचे पुस्तक ओंडात्जे यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. संकलनाच्या कलेविषयीची त्यांची आस्था त्यातून दिसते.

सारांश
माध्यमांतर म्हणजे मूळ कृतीची प्रतिकृती नव्हे, तर तिचे एक वाचन होय. म्हणून ‘चित्रपट कादंबरीशी प्रामाणिक आहे का?’ एवढेच न विचारता ‘गाळल्यामुळे कोणाचा आवाज हरपला?’ हेही विचारावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ओंडात्जे यांच्या रचनापद्धतीचे चित्रपट-संकलनाशी असलेले नाते स्पष्ट करा.
२. किपच्या व्यक्तिरेखेच्या आधारे माध्यमांतरातील आशयबदलाची चर्चा करा.