घोड्यांचे क्लोनिंग कशासाठी?

खेचराला सहसा संतती होत नाही. खच्ची केलेला घोडा कितीही गुणी असला, तरी त्याचा वंश खुंटतो. अशा प्राण्याच्या पेशीतील केंद्रक रिकाम्या बीजांडात घालून त्याच्याच जनुकांचे शिंगरू जन्मास आणणे म्हणजे क्लोनिंग. २००३ मध्ये असे पहिले खेचर अमेरिकेत, तर घोड्याचे पहिले शिंगरू इटलीत जन्मले.

मूळ प्राण्याचे शिक्षण व अनुभव क्लोनमध्ये उतरत नाहीत; जनुके मात्र उतरतात. म्हणूनच दुर्मीळ जातींसाठी ही पद्धत मोलाची ठरते. मध्य आशियातील प्रझेवाल्स्की हे रानघोडे आज सुमारे बाराच रानटी पूर्वजांचे वंशज असल्याने त्यांच्यात जनुकीय विविधता थोडी आहे. १९८० साली गोठवलेल्या एका नराच्या पेशींपासून २०२० मध्ये अमेरिकेत ‘कर्ट’ जन्मला. विरळ झालेली जनुके त्याच्यामुळे कळपाला पुन्हा मिळू शकतात.