अर्धी गोळी, पुरे माप
गोळ्या कापण्याच्या व कुटण्याच्या साधनांविषयी दुकानदारांना आणि कुटुंबांना उपयुक्त माहिती

पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात औषधाच्या दुकानावर थोडा वेळ उभे राहिले, तर एक वाक्य हमखास कानी पडते : "डॉक्टरांनी अर्धी सांगितली आहे." दुकानदार स्ट्रिप देतो, पैसे घेतो आणि अर्धी कशी करायची हा प्रश्न गिऱ्हाइकाबरोबर घरी जातो. घरी सुरी असते, विळी असते, दात असतात आणि खलबत्ता असतो. मुलगा आखातात किंवा मुंबईत, घरात वृद्ध आईवडील आणि सून. त्या सुनेच्या हातावर सासऱ्यांच्या रक्तदाबाचे माप अवलंबून असते.

व्यापाराच्या पानावर हा विषय आम्ही घेतला, कारण हा मापाचा विषय आहे. कापडवाल्याच्या मीटरला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, किराणावाल्याच्या काट्यालाही लागतो. घरच्या सुरीला कोण शिक्का मारणार? सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कसूर करणाऱ्यांना जी ताकीद आहे, ती आपण तराजूपुरती समजतो. पण ज्या वस्तूत कमी-जास्त झाल्याने माणसाच्या जिवाशी गाठ पडते, तिथे मापाची जबाबदारी अधिकच मोठी.

गरज का पडते?

गोळी तोडण्याची कारणे साधी आहेत. हव्या त्या पॉवरची गोळी गावात मिळत नाही. डॉक्टर औषध थोडक्यात सुरू करतात किंवा हळूहळू कमी करत आणतात. काही औषधांत दहाची गोळी पाचच्या दुप्पट किमतीची नसते, म्हणून दहाची घेऊन अर्धी करणे परवडते. कुटण्याची कारणे निराळी. पक्षाघातानंतर गिळता येत नाही, लहान मूल गोळी थुंकून टाकते, किंवा रुग्णाला नाकातून नळी घातलेली असते.

रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत युनिकेमसारख्या कंपनीचा गोळीतील मूळ द्रव्य बनवणारा कारखाना आहे. अशा कारखान्यांत मिलिग्रॅमचा हिशेब ठेवला जातो. तेवढ्या काटेकोरपणे बनलेली वस्तू शेवटी पोळपाटावर लाटण्याने फोडायची, हे व्यापाराच्या दृष्टीनेही बरे दिसत नाही.

साधने कोणती?

गोळी कापण्याचा कटर म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी. आत गोळी अडकवायला इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच आणि झाकणाला आतून पाते. गोळी खाचेत घट्ट बसवायची, तिची रेघ पात्याच्या बरोबर खाली आणायची आणि झाकण एका दमात दाबायचे. हळूहळू दाबले तर गोळी सरकते व चुरा होतो. साधा कटर शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास मिळतो.

कुटण्याचे साधन म्हणजे क्रशर. तळाशी गोळी ठेवून आट्यांचे झाकण फिरवले की तिची भुकटी होते. रुग्णालयांत दांडा दाबून चालणारे मोठे यंत्रही असते. त्यात गोळी छोट्या पिशवीत ठेवून दाबतात, म्हणून भुकटी सांडत नाही व एकाचे औषध दुसऱ्याच्या औषधात मिसळत नाही. घरचा खलबत्ता मात्र या कामाला वापरू नये. त्यात लसूण-जिरे राहते आणि औषधही दगडाच्या छिद्रांत राहते. पाचची गोळी कुटून चारचीच पोटात गेली, तर ते कमी मापच झाले.

माप किती चुकते?

मध्यरेघेची गोळी नीट तुटते की नाही, हे पाहण्याची युरोपीय औषधकोशात एक कसोटी आहे. तीस गोळ्या तोडायच्या, प्रत्येकीचा एकेक तुकडा घेऊन वजन करायचे. तीसपैकी फार तर एक तुकडा सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांच्या बाहेर असला तर चालतो. ७५ ते १२५ टक्क्यांच्या बाहेर एकही चालत नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे, तर एक मीटर मागणाऱ्याला ८५ सेंटिमीटर मिळाले तरी तुकडा पास. म्हणजे रेघ असलेल्या चांगल्या गोळीतही एवढी सूट धरलेली आहे. रेघ नसलेली, लेप दिलेली किंवा वेड्यावाकड्या आकाराची गोळी सुरीने तोडली, तर फरक याहून मोठा पडू शकतो.

म्हणून रेघ पाहावी. ती बहुधा तोडण्यासाठी असते, पण काही गोळ्यांवर केवळ दिसण्यासाठीही असते. खात्री फार्मासिस्टकडून करून घ्यावी. डिगॉक्सिन, वॉरफेरिन, थायरॉक्सिन अशा औषधांत थोडा फरकही जाणवतो. थायरॉक्सिन २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅम अशा निरनिराळ्या पॉवरमध्ये मिळते. तिथे कटरपेक्षा योग्य पॉवरची बाटली मागवून देणे हीच खरी सेवा.

कोणती गोळी तोडू नये, कुटू नये?

नावापुढे एस.आर., एक्स.आर., ई.आर., सी.आर. अशी अक्षरे असतील, तर ती गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. मधुमेहाची मेटफॉर्मिन एस.आर. किंवा रक्तदाबाची निफेडिपिन रिटार्ड ही उदाहरणे. याला अपवादही आहे. मेटोप्रोलोल सक्सिनेटच्या रेघ असलेल्या काही गोळ्या रेघेवर दोन करता येतात, पण कुटता किंवा चावता येत नाहीत. यावरून तोडणे आणि कुटणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे ध्यानात घ्यावे.

पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल यांच्या गोळीवर असा लेप असतो की ती जठरात न विरघळता आतड्यात विरघळावी. लेप फोडला की जठरातील आम्ल औषध निकामी करते. जिभेखाली ठेवायची हृदयविकाराची गोळी कुटून पाण्यातून दिली, तर तिचा तातडीचा उपयोग जातो. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे घरी कुटू नयेत, कारण त्यांची धूळ कुटणाऱ्यालाही अपाय करते. प्रोस्टेटची फिनास्टेराइड तुटली वा कुटली असेल, तर गरोदर स्त्रीने तिला हात लावू नये. कामाचा भार बहुधा घरातील स्त्रीवरच पडतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

रमजान आणि कॅप्सूल

रमजानमध्ये काही जण दिवसाची एक गोळी तोडून अर्धी सहरीला व अर्धी इफ्तारनंतर घेतात. नियत नेक असली तरी औषधाचे गणित त्याने बिघडते. मधुमेही रुग्णांनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा व प्रमाण ठरवून घ्यावे, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. आजाऱ्याला दीनने सवलतही दिलेली आहे.

दुसरी गोष्ट जिलेटिनची. शंका नको म्हणून काही लोक कॅप्सूल उघडून आतील औषध पाण्यातून घेतात. आतले दाणे लेपाचे असतील व ते चावले किंवा चुरडले गेले, तर वर सांगितलेलेच नुकसान होते. मसला आलिमांना विचारावा आणि औषधाबद्दल फार्मासिस्टला. तेच औषध गोळी, सिरप किंवा वनस्पतिजन्य कॅप्सूलमध्ये मिळते का, हे तो सांगू शकतो.

कटरच्या आधीचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी मुलांच्या मापाची औषधे बनवावीत अशी मोहीम २००७ साली सुरू केली. क्षयरोगाच्या बालकांसाठी मोठ्यांच्या गोळ्या तोडून-कुटून द्याव्या लागत. डिसेंबर २०१५मध्ये पाण्यात विरघळणारी, मुलांच्या मापाची संयुक्त गोळी जाहीर झाली. ती आपल्या देशाच्या क्षयरोग कार्यक्रमातही आली. यातला धडा असा की, तोडण्याची वेळच येऊ नये हा पहिला उपाय. कमी पॉवरची गोळी, सिरप, थेंब किंवा विरघळणारी गोळी आहे का, हे आधी विचारावे. नसेल तर मग कटर.

दुकानदार बंधूंसाठी

मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवा बाजारात खरेदीला गेल्यावर पाच-सहा कटर व दोन-तीन क्रशर आणून ठेवावेत. मोठा साठा करू नये. आधी नमुना तपासावा. रेघेच्या पॅरासिटामॉलच्या दहा गोळ्या कापाव्यात आणि दहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या सोनाराच्या काट्यावर अर्धुके तोलावीत. समजा गोळी ६०० मिलिग्रॅमची आहे, तर अर्धुक ३०० भरावे. २५५ ते ३४५च्या बाहेर तुकडे जात असतील, तर तो कटर परत करावा. पाते हलते का, झाकण लहान मुलाच्या हाताने सहज उघडते का, हेही पाहावे.

विकताना आधी स्ट्रिप पाहावी. एस.आर. लिहिलेले असेल तर कटर न विकणे हाच सचोटीचा धंदा. अशा वेळी डॉक्टरांना फोन करायला सांगावे. औषधांविषयी सल्ला देणे हे फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार फार्मासिस्टचे काम आहे. ते काउंटरवरच्या पोऱ्यावर सोडू नये. स्ट्रिप कापून देताना मुदतीची तारीख व बॅच नंबर दुसऱ्या तुकड्यावर राहतो. तो चिठ्ठीवर लिहून द्यावा.

घरच्या लोकांना चार गोष्टी सांगाव्यात. एका वेळी एकच गोळी कापा, उरलेले अर्धुक पुढच्या वेळेला वापरा. पावसाळ्यात पेणचा पापड उघडा राहिला तर सादळतो, तशी कापलेली गोळीही सादळते. तिला घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. दर वेळी पाते व क्रशर स्वच्छ पुसा, कारण एखाद्याला दुसऱ्याच्या औषधाची ॲलर्जी असू शकते. आणि नळीतून औषध देताना प्रत्येक औषध वेगळे द्या, आधी व नंतर पाणी सोडा. पाणी किती, ते डॉक्टरांना किंवा नर्सला विचारा.

शंभर रुपयांच्या डबीवर नफा तो किती? पण ती देण्याआधी जो दुकानदार दोन मिनिटे स्ट्रिप वाचतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुढची वीस वर्षे येते. व्यापारात यालाच बरकत म्हणतात. माप पुरे देण्याची तौफिक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.