वृद्धांचे आरोग्य आणि अंगतपंगत

वृद्धांच्या आहाराचा विचार करताना ताटात काय वाढले, याची चौकशी आपण करतो. ते जेवण कोणासमवेत झाले, हे मात्र सहसा विचारले जात नाही. वास्तविक या दुसऱ्या प्रश्नाचाही आरोग्याशी निकटचा संबंध आहे, असे अलीकडील अभ्यासांवरून दिसून येते.

भरल्या घरातील एकटे जेवण

वसई-विरार परिसरात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. विरार हे चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. घरातील कमावती माणसे सकाळची लोकल गाठण्यासाठी लवकर बाहेर पडतात व रात्री उशिरा परततात. मुले शाळेत व शिकवणीस जातात. मग झाकून ठेवलेले दुपारचे जेवण आजी-आजोबा एकट्यानेच घेतात. रात्रीही पथ्यामुळे त्यांचे जेवण आधीच उरकलेले असते. आगाशी, निर्मळ, भुईगाव यांसारख्या जुन्या गावांतही वाडीत राबणाऱ्यांची पुढची पिढी नोकरीकडे वळली आहे. अशा रीतीने घर भरलेले असूनही ताट एकट्याचेच राहते.

अभ्यास काय सांगतो?

जपानमध्ये ६५ वर्षांवरील सत्तर हजारांहून अधिक व्यक्तींची सुमारे तीन वर्षे पाहणी करण्यात आली. कुटुंबात राहूनही एकटे जेवणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका, इतरांसमवेत जेवणाऱ्यांच्या तुलनेने, सुमारे दीडपट आढळला. एकटे राहून एकटे जेवणाऱ्या पुरुषांतील वाढ त्याहून कमी होती. स्त्रियांच्या बाबतीत फरक एवढा ठळक नव्हता. एकटे जेवण हेच मृत्यूचे कारण, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. आजारपणामुळेही माणूस एकटा पडतो. तथापि, केवळ कुटुंबात राहणे पुरेसे नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांच्या एका अमेरिकन अभ्यासात, सोबत कोणी असता ते प्रत्येक जेवणात सरासरी सुमारे ११४ उष्मांक अधिक घेत असल्याचे २००५ साली नोंदविले गेले.

याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. उतारवयात चव व वास मंदावतात, दात साथ देत नाहीत, भूक आणि तहानही कमी जाणवते. अशा वेळी एकट्यासाठी कोण गरम करणार, या विचाराने चहा-बिस्किटे किंवा लोणचे-भातावर वेळ भागविली जाते. डाळ, अंडी, मासळी, दूध व भाजी मागे पडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार ५० किलो वजनाच्या व्यक्तीस दररोज सुमारे ४० ग्रॅम प्रथिने हवीत. ती अशा आहारातून मिळत नाहीत. परिणामी स्नायू क्षीण होतात व पडण्याचा संभव वाढतो. मधुमेहाची गोळी घेऊन जेवण चुकविल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घास अडकल्यास मदतीस कोणी नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

काय करता येईल?

प्रत्येक कुटुंबाने दिवसातील एक जेवण तरी वृद्धांसमवेत घ्यावे; दूरदर्शन संच तेवढा वेळ बंद ठेवावा. कवळी किंवा थरथरता हात यांमुळे काही वृद्धांना चारचौघांत जेवण्याचा संकोच वाटतो. त्यांना मऊ खिचडी, कुस्करलेली भाकरी, खोलगट वाटी द्यावी. आग्रह मात्र बेताचा असावा. दर महिन्याला वजनाची नोंद ठेवावी. सहा महिन्यांत ते शेकडा ५ हून अधिक घटल्यास वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे.

समाजाचाही यात वाटा आहे. १९९५ साली देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली, आणि शाळकरी मुलांची पंगत आज सर्वांच्या परिचयाची आहे. २०१५ साली आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीत चौरस आहाराची योजना आली. वृद्धांची पंगत मात्र अद्याप बसावयाची आहे. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातील चांदणकी गावाने ती बसविली. मुले परगावी गेलेल्या तेथील वृद्धांसाठी गावाचे सामाईक स्वयंपाकघर चालते आणि सारे एकत्र जेवतात.

आपल्याकडे प्रारंभ याहून साधा होऊ शकतो. समाजमंदिर, विरंगुळा केंद्र किंवा गृहनिर्माण संस्थेची खोली दुपारी बहुधा मोकळी असते. आठवड्यातून दोन दिवस वृद्धांनी आपापला डबा घेऊन तेथे यावे. ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडे शेजाऱ्यांनी आपले ताट न्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांमार्फत हा विचार घरोघरी पोहोचवावा, ग्रामपंचायत सदस्यांनी व प्रभागातील कर्मचाऱ्यांनी एकट्या जेवणाऱ्यांची यादी करावी. डबा रोजचाच असल्याने यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. शिवाय नेहमी येणारे एखादे माणूस पंगतीत दिसले नाही, तर त्याची चौकशी त्याच दिवशी होईल. एकट्या वृद्धाच्या दृष्टीने ही चौकशी औषधाइतकीच मोलाची आहे.