आधी नेक, मग पिकअप

बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सिंगल कॉइल घेऊ की हमबकर? मी म्हणतो, ते नंतर बघू, आधी तुझी बोटं दाखव. पिकअप पसंत पडला नाही तर कारागीर दुसरा बसवून देतो. नेक मात्र जसा आला तसा जन्मभर सांभाळावा लागतो.

माझी पहिली बारातारी मी जुन्या वाद्यांच्या एका दुकानात वाजवून घेतली. आवाज असा काही झगमगीत होता की नेककडे लक्षच गेलं नाही. घरी अँपला लावली आणि ती झगमग गायब! दुकानात जाऊन पुन्हा वाजवली तेव्हा खुलासा झाला. अँपपाशी जमिनीवर कंप्रेसरचं पेडल चालूच होतं. पेडल काय, नंतर विकत आणता आलं. पण ओपन ए कॉर्ड धरली की अनामिकेची कड शेवटच्या जोडीला टेकायची आणि त्या दोन्ही तारा मुक्या व्हायच्या. त्यावर पेडल मिळत नाही.

कारण साधं आहे. सहा जोड्या मावायला नटवर जागा किती, यावर सगळं अवलंबून. ॲकूस्टिक बारातारीचा नट साधारण 47-48 मिमी रुंद असतो. रिकनबॅकर 360/12 चा जेमतेम 41. लांब, निमुळत्या बोटांना हा नेक लोण्यासारखा वाटतो, जाड बोटांच्या माणसाला घाम फोडतो. त्याच कंपनीच्या 660/12 मॉडेलचा नेक मुद्दाम रुंद ठेवलेला आहे, 44 मिमीच्या पुढे. तेव्हा नुसतं कंपनीचं नाव बघून भागत नाही, मॉडेलनिशी माप विचारा. दुकानात ओपन ए, ओपन डी आणि पहिल्या फ्रेटवरचा एफ बार, एवढ्या तीन कॉर्ड धरा आणि एकेक तार सुटी छेडा. एखादी जरी मुकी राहिली तरी ती गिटार तुमच्या हाताची नाही.

मग गिटार डोळ्यांसमोर आडवी धरून नेक एका डोळ्याने न्याहाळा. सहा तारांपेक्षा बारा तारांचा ताण कितीतरी जास्त, त्यामुळे नेक पुढे वाकण्याची भीतीही जास्त. किंचित बाक ट्रस रॉडने निघतो, नेकला पीळ पडला असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. आणि दुकानदाराने तारा सैल ठेवल्या असतील तर पूर्ण सुरात चढवायला लावा. ताण आल्याशिवाय नेकचं खरं रूप कळत नाही.

तिसरी गोष्ट ब्रिज. काही गिटारींना जोडीमागे एकच सॅडल असतं. जाड तार आणि तिची वरच्या सप्तकातली बारीक तार, दोघींना लांबी वेगवेगळी लागते, त्यामुळे वरच्या फ्रेटवर त्यातली एक बेसूर होते. फेंडरने 1965 साली आणलेल्या इलेक्ट्रिक ट्वेल्व्हला बारा तारांना बारा स्वतंत्र सॅडल होती, ती याचसाठी. तपासायला जी तारेची जोडी पुरते. आधी मोकळी, मग बाराव्या फ्रेटवर, आणि दोन्ही तारा वेगवेगळ्या छेडून ट्यूनरवर बघा.

एवढं सगळं जमलं की मग पिकअप. सिंगल कॉइलमध्ये जोडीतल्या दोन्ही तारा सुट्या, स्वच्छ ऐकू येतात. पण गणपतीच्या मांडवात डिमर आणि दिव्यांच्या माळांशेजारी वाजवायची वेळ आली की तो गुणगुणायला लागतो. हमबकर शांत राहतो, आवाज भरदार देतो, मात्र डिस्टॉर्शन वाढवलं की बारा तारांचा काला होतो. काही पिकअपच्या सहा खिळ्यांच्या मधोमध एखादी तार पडते आणि ती दबते, म्हणून प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारांचा आवाज सारखा येतो का ते ऐका. जाड तारा मेल्यासारख्या वाटल्या तर आधी तारा बघा. कुणीतरी ॲकूस्टिकच्या ब्राँझ तारा चढवल्या असतील, तर चुंबकीय पिकअप त्यांना नीट दाद देत नाही.

अमुक पिकअपशिवाय तो आवाज येतच नाही, असं सांगणारे बरेच भेटतील. जॉर्ज हॅरिसनला फेब्रुवारी 1964 मध्ये न्यूयॉर्कला रिकनबॅकरची बारातारी मिळाली. ‘अ हार्ड डेज नाइट’ चित्रपटात ती पाहून बर्ड्‌सच्या रॉजर मॅग्विनने तसलीच घेतली. पण 1965 च्या ‘मिस्टर टॅम्बुरीन मॅन’मधली किणकिण घडली ती स्टुडिओतल्या भरपूर कंप्रेशनने. शिवाय रिकनबॅकरवर जोडीतली जाड तार वर असते, त्यामुळे खाली मारलेल्या फटक्यात ती आधी वाजते. इतर बहुतेक गिटारींवर बारीक तार आधी. आवाजातला फरक यातूनही येतो. जिमी पेजने ‘स्टेअरवे टू हेवन’साठी स्टुडिओत फेंडरची सिंगल कॉइलवाली बारातारी वापरली आणि रंगमंचावर गिब्सनची दोन नेकची, हमबकरवाली. गाणं दोन्हीकडे उभं राहिलंच.

शेवटचं, पण खिशाशी संबंधित: सगळे पैसे गिटारीत घालू नका. सेटिंग, एक कंप्रेसर आणि जी जोडीतल्या बारीक तारेचे तीन-चार सुटे नग, एवढ्यापुरते बाजूला ठेवा. ती तार सगळ्यात आधी तुटते, आणि तुटते ती कार्यक्रमातच.